झिपरीची शेजारीण

आमची आत्या मुकाट्यानं चालली आहे, असं दृश्य आमच्या घराण्यात कुणीही पाहिलेलं नाही. बसलेली असली की ती गप्प असायची, अगदी तासन्‌तास. पण पाऊल उचललं की तोंड उघडलंच. चुलीपासून पडवीपर्यंत येतानाही, "आले बाई, आले, तांब्या कुठं ठिवला, हितंच हुता की, आले आले," असं बोलत यायची. भोरच्या बाजारात तिच्यामागून चार पावलं चाललं की तिच्या पिशवीत काय काय आहे ते सगळं कळायचं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती ज्या ज्या फोटोत चालते आहे, त्या प्रत्येकात तिचं तोंड उघडं आहे आणि शेजारी मी, नवरदेव, घाबरलेला दिसतो आहे. त्याचा आत्याशी संबंध नाही. मी एरवीही तसाच दिसतो.

लहानपणी मी एकदा तिला विचारलं होतं, "आत्या, तू बोलतेस कुणाशी?"

"वाटंशी," ती म्हणाली. "रानातनं मुकं चालू नये. म्होरं झुडपामागं कोन बसलंय ते आपल्याला दिसत न्हाई. पर आपुन आल्यालं त्याला कळाया नगं?"

पोरवयात गुरांमागं रानात हिंडताना लागलेली ही सवय लग्नातही सुटली नाही आणि एसटीतही सुटली नाही. आम्ही भाचेमंडळी हसायचो. रानातल्या जनावरांना वर्दी द्यायची ठीक आहे, पण भोरच्या भाजी मंडईत झुडपामागं कोण बसणार?

आत्याचं घर हिर्डोशीच्या वर, वरंध घाटाच्या अंगाला. एसटी खाली फाट्यावर सोडते आणि तिथून पुढं चढणीची पायवाट आहे. मी ती दर वेळी दोनदा बसून चढतो. वाडीतलं हे शेवटचं घर. मागं परसू, परसाच्या टोकाला तळं, तळ्यावर वाकलेला उंबर आणि उंबराच्या पलीकडं थेट डोंगर. तळं म्हणजे मूळचं भाताचं खाचर. त्यात झऱ्याचं पाणी उतरायचं म्हणून मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, ते खोल केलं, बांध घातला आणि भोरहून माशांची बोटुकली आणून सोडली. बोटाएवढी पिल्लं, दुधाच्या कॅनमध्ये, एसटीतून. पाणी सारखं हलतं ठेवावं लागतं, नाहीतर पिल्लं गुदमरतात, म्हणून आत्याचा मुलगा दिलीप, तेव्हा शाळकरी, कॅन मांडीवर घेऊन हलवायला बसला होता. मामा सांगायचे, पोराला हात लावावा लागलाच नाही, सगळं काम रस्त्यानंच केलं.

मामा गेले. दिलीप पुण्याला कंपनीत लागला. मोबाईलला घरात रेंज नाही, तळ्याच्या बांधावर उंबराखाली तेवढी येते, म्हणून आत्या रोज सकाळी बांधावर उभी राहून पुण्याला फोन करायची. बाकी ती, एक गाय, कोंबड्या आणि मासे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. भोरला माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि तिथं बल्बपेक्षा गोष्टी जास्त जातात. माझ्या गोष्टीतली जनावरं दर वेळी वीतभर वाढतात, अशी तक्रार आहे. आत्याला ते मुळीच खपायचं नाही. "जेवडं दिसलं तेवडंच सांग," ती दटावायची. "जनावराला काय वाटंल?"

गेल्या वर्षीच्या चैत्रात मी सकाळी दुकानाचं शटर वर करतो न करतो तोच तिचा फोन आला.

"बाळू! आली हुती!"

"कोण आली होती?"

"झिपरी! काल दिस बुडताना! म्या खिडकीशी भांडी घासत हुते अन् ती तळ्यावर! पाठीवर दोन पोरं! केसं धरून बसल्याली, टेम्पोच्या टपावर बसत्यात तशी! बाळू, लई ग्वाड रं!"

माझ्या हातातली शटरची काठी तशीच राहिली. पिल्लं पाठीवर घेऊन हिंडणारं जनावर एकच. "आत्या, अस्वल?"

"तिनीसांजचं नाव घेऊ नगं!"

"सकाळचे नऊ वाजलेत आत्या."

"मंग घे."

ती एवढी आनंदली होती की फोनमधून तिचे दात दिसावेत. आमच्या भागात अस्वल पाहिलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. ऐकलेले पुष्कळ होते. खालच्या वाडीतल्या एका जाणत्यानं तिला समजावून सांगितलं की आपल्याकडं अस्वलं नाहीतच. आत्या म्हणाली, "ते मला नगं सांगू. संध्याकाळी ये अन् तिला सांग."

मग झिपरी येतच राहिली. वर डोंगरात पाणी आटलं होतं, इथं पाणी होतं आणि उंबर पिकून तळ्याकाठी सडा पडत होता. आत्या रोज सकाळी फोनवर बातम्या द्यायची. धाकट्याला पाण्याची भीती वाटते. थोरली खोडकर आहे. झिपरी पोरांना मासे दाखवायला आणते. "मासे दाखवायला कशाला आणेल?" मी म्हणालो. "तू तुज्या पोरांना पुन्याला वाघ दावाया कशाला न्हेलतंस?"

दिलीपला मात्र यात गोड काही वाटेना. तो मला म्हणाला, "दादा, एकटी बाई, सत्तरी उलटलेली, आणि परसात अस्वल. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? पावसाच्या आत जेसीबी लावतो आणि तळं बुजवतो. तळं नसलं की अस्वल येणार नाही, आणि तळं नसलं की आईही तिथं राहणार नाही. तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडं सुखात राहील." त्याच्या आवाजात जुलूम नव्हता, काळजीच होती. म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना.

आत्यानं ऐकून घेतलं आणि तोड काढली. "बाळूला हितं पाठव. चार दिस ऱ्हाऊ दे. त्यो म्हनला हितं ऱ्हान्यात राम न्हाई, तर म्या गुमान येते. तळं बी बुजव."

दिलीप फोनवरच हसला. पाल दिसली की मी बायकोला हाक मारतो, हे आमच्या सर्व नातेवाइकांना माहीत आहे. निकाल लागल्यातच जमा होता. मी वर चढून गेलो आणि धापा टाकतच विचारलं, "आत्या, जगात एवढी माणसं असताना मीच का?"

"धीट मान्सं नुसती उभी ऱ्हात्यात रं," ती म्हणाली. "भेकड मानूस नीट बघतो."

पहिल्याच दिवशी तिनं मला नियम सांगितले. आमच्याकडं पाण्याची पाळी असते. पाटाला पाणी सुटलं की अमक्यानं सकाळी घ्यायचं, तमक्यानं दुपारनंतर. दुसऱ्याच्या पाळीत ज्यानं पाटाला दारं फोडून पाणी घेतलं त्याला पुढं पाणी बंद. यावरून आमच्या भावकीत सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोललेले नाहीत. आत्यानं तीच पाळी तळ्यावर लावली होती. उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत तळं आत्याचं. तेवढ्या वेळात हंडा भरायचा, गाय पाजायची, फोन करायचा. सूर्य डोंगराला टेकला की तळं झिपरीचं. मग परसाचं दार लावून घ्यायचं, ते उजाडेपर्यंत. "उंबर तिचा, मासं आमचं, पानी दोगींचं," असा एकूण व्यवहार होता.

"आणि हे तिला मान्य आहे?"

"एक डाव बी पाळी मोडली न्हाई तिनं. तुज्या मामांच्या भावकीनं मोडली. तिनं न्हाई."

शिवाय तळ्यावर जाताना बोलत जायचं, मग दिवस असो की काही असो. आत्या परसाचं दार उघडतानाच सुरू व्हायची. "आले गं बाई, आले, हंडा घिऊन आले, हायेस का गेलीस, माजी पाळी हाय, आले." मी तिच्यामागून काय बोलावं ते न सुचून "मी पण, मी पण," असं म्हणत गेलो.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या गजांच्या खिडकीशी बसलो. दिवा लावला नव्हता. उजेड अजून होता, डोंगर तांबूस झाला होता. मी मनात म्हणत होतो, नाही आली तर बरं, आणि लगेच म्हणत होतो, आलीच पाहिजे. आणि उंबरामागची सावली हलली. हलली आणि तिला पाय फुटले. काळी, झिपऱ्या केसांची, तोंड तेवढं मळक्या पांढऱ्या रंगाचं, चाल अशी की चारही पाय चार वेगवेगळ्या माणसांचे असावेत. पाठीवर दोन काळे गोळे. ती काठावर वाकली तसे ते गोळे घसरले, धपाधप खाली पडले आणि पळायला लागले! एकानं पाण्यावर थापटी मारली. मासे उसळले. तो दचकून आईच्या पोटाखाली गेला, तिथून बाहेर डोकावला आणि पुन्हा येऊन थापटी. आई उंबरं खात होती. फूऽऽ करून माती उडवायची आणि सूऽऽ करून ओढायची, असा आवाज की माझ्या दुकानातला व्हॅक्यूम क्लीनर आठवावा, जो आजवर कुणी विकत घेतलेला नाही.

"बगितलंस? मासं दावती का न्हाई पोरांना?" आत्या कुजबुजली.

मी मान डोलावली. मी तिचा पदर मुठीत धरला होता, हे ती सोडवून घ्यायला लागली तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशीही आली. मला रात्री झोप लागेना. भीतीनं नव्हे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. एवढं पाहिलं आणि सांगायला कुणी नाही! आत्याला सांगून उपयोग नव्हता, तिनं माझ्याबरोबरच पाहिलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं मन पक्कं झालं. आत्यानं इथंच राहायचं. तळं बुजवायचं नाही. दिलीपला हे सांगायचं, कसं सांगायचं त्याची वाक्यंही जमवली. ती जमवता जमवता चहा झाला, ऊन कललं, आणि मग मला राहवेना. आत्या गोठ्यात गाय बांधत होती. सूर्य नुकता टेकला होता. झिपरी यायला वेळ आहे, पटकन दोन मिनिटं बोलून येऊ, असं म्हणून मी परसाचं दार उघडलं. आत्यानं ओरडू नये म्हणून पाय न वाजवता, एक अक्षर न बोलता गेलो. बांधावर चढलो. उंबराखाली स्पीकर लावून मोबाईल डोक्यावर धरला. एक दांडी आली, दुसरी आली, रिंग गेली.

आणि माझ्या बगलेशी कुणीतरी फूऽऽ केलं.

जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. ती दोन पायांवर उभी राहिली. छातीवर पांढरी नालासारखी खूण होती. नखं माझ्या बोटांपेक्षा लांब होती. पिल्लं पाठीवर होती आणि त्यांचे डोळे तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होते. आमच्या दोघांत एक बैल आडवा उभा राहील एवढीच जागा होती, आणि बैल नव्हता.

"हॅलो? दादा?" डोक्यावरच्या मोबाईलमधून दिलीप म्हणाला. "बोल की."

तेवढ्यात मागून आवाज आला. आत्या. ओरडत नव्हती, नेहमीसारखी बोलत येत होती, फक्त पावलं सावकाश होती.

"आले गं बाई, आले. झिपरे, आमचा भाचा हाय त्यो, भोरास्नं आलाय, येडा हाय जरा, मानसात ऱ्हानारा, त्याला कळत न्हाई. बाळू, पळू नगं. पळालास तर ती मागं लागंल. पाट फिरवू नगं. तुजीच पाळी हाय गं बाई, चुकी आमची हाय, आमी निगालो. बाळू, बोल."

"का... काय?"

"काय बी! मुका नगं ऱ्हाऊस!"

आणि मला जगात दुसरं काहीही आठवलं नाही. मी मागं मागं सरकत बोलायला लागलो, "नऊ वॅटचा बल्ब, बारा वॅटचा बल्ब, होल्डर, पिन, टेबल फॅन, सीलिंग फॅन, वायर लाल, वायर काळी..." झिपरीनं मान वाकडी करून ऐकलं. इतक्या लक्षपूर्वक माझ्या मालाबद्दल गिऱ्हाईकानंही कधी ऐकलेलं नाही. ती खाली चार पायांवर आली, एकदा जोरात फुत्कारली, आणि मी "मिक्सर" म्हणून मागच्या मागं तळ्यात पडलो.

बाहेर डोकं काढलं तेव्हा ती उंबराच्या पलीकडं चढणीला लागली होती. मी छातीभर पाण्यात होतो आणि पायांना मासे लागत होते. मोबाईलचा हात मात्र वर राहिला होता.

"दादा! काय पडलं? मिक्सर पडला का? आई कुठंय?"

आत्या बांधावर उभी होती. तिचा श्वास लागला होता आणि गायीचं दावं अजून हातातच होतं. माझ्या एका शब्दावर तिचं घर होतं आणि तो शब्द आता मला द्यायचा होता. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "खरं सांग. वाडवू नगं अन् कमी बी करू नगं."

मी सांगितलं. अस्वलासमोर गेलो, भ्यालो, एवढा भ्यालो की पायाखालचा बांध कळला नाही. झिपरीच्या पाळीत मी गेलो आणि मुकाट्यानं गेलो, हेही सांगितलं. पण दिलीपला फक्त पहिलं ऐकू आलं. "उद्या येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला तेव्हा आत्यानं बोचकं बांधलं होतं आणि कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या होत्या. "तू भ्यालास, त्योच निकाल. बोलल्याली हाय म्या," एवढंच ती म्हणाली. मी समजावलं, चुकी माझी होती. तिनं ऐकलं नाही. घरात चालत होती आणि गप्प होती. चूल ते पडवी, पडवी ते चूल, एक शब्द नाही. दिलीप ते बघत होता. मला वाटतं, अस्वलापेक्षा त्याला त्या मुक्या चालण्याचीच धास्ती बसली.

जेसीबी सकाळी येणार होता. "आजच्या दिस तेवडं बगून घे," आत्या दिलीपला म्हणाली, आणि आम्ही तिघं खिडकीशी बसलो. सूर्य टेकला. उंबर हलला नाही. काल एवढा गोंधळ झाल्यावर ती येईल तरी कशी? तांबडं गेलं, तळं करडं झालं. दिलीप गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल आई, सामान..." आणि तिथंच थांबला.

ती आली होती. काठावर येऊन आधी घराकडं बघितलं, मग पिल्लं उतरवली. थोरलीनं पाण्यावर थापटी मारली. धाकट्यानं मोठ्या धीरानं एक पंजा पाण्यात घातला, भोवती मासे जमले, आणि तो हलेना. कॅनमध्ये बघणारं पोर बसावं तसा बसला.

"आई," दिलीप म्हणाला. त्याचा आवाज एकदम शाळेतल्या पोराचा झाला. "आई, बघ, बघ! मासे बघतोय तो!"

"म्या रोज बगती," आत्या म्हणाली.

ती तिघं डोंगरात गेल्यावर दिलीपनं गज न सोडताच विचारलं, "तुझ्या पाळीत ती कधी आली?"

"न्हाई."

"काल कोण कुणाच्या पाळीत गेलं?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"मग पाळी मोडणाऱ्याचं पाणी बंद करायचं असतं," दिलीप म्हणाला. "तळं कशाला बुजवायचं?"

तेव्हापासून दिवस कलल्यावर तळ्याकडं जायला मला बंदी आहे. त्या रात्रीच जेसीबीला नको म्हणून सांगायचं होतं आणि रेंज बांधावर. दिलीप म्हणाला, "उजाडल्यावर करतो. आपली पाळी सुरू झाल्यावर." आत्या उठली, बोचक्याची गाठ सोडली आणि सुरू झाली, "लुगडं हितं ठिवते, कोंबड्या सकाळी आनते, पोराला भाकरी टाकते, आले बाई, आले..." दिलीपनं परसाच्या दाराला लोखंडी कडी बसवून घेतली. माझ्या दुकानातून दिवाही नेला, पण आत्यानं तो परसात लावू दिला नाही. म्हणाली, तिच्या डोळ्यावर येतो.

आत्या गेली ती माघात. चार दिवस ताप आला आणि झोपेतच गेली. आम्ही सगळे जमलो, सगळं रीतीप्रमाणं झालं. घर एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर फाल्गुनात दिलीपचा फोन आला, "दादा, जेसीबीवाल्याला सांगतोय."

"कशाला?"

"गाळ काढायला. झऱ्याचं तोंड बुजत चाललंय. चैत्र लागायच्या आत व्हायला नको?"

यंदाच्या चैत्रात मी वर गेलो. तळं काठोकाठ भरलं होतं आणि उंबर लगडला होता. ऊन चांगलं लख्ख असतानाच मी परसाचं दार उघडलं आणि मोठ्यानं बोलत निघालो. "आलो गं बाई, आलो. आत्याची पाळी आहे, तीच चालवतोय, आलो." बांधावर उभा राहिलो. शेजाऱ्याला अशी बातमी आपण होऊन द्यायची असते. म्हणून डोंगराकडं तोंड करून सांगितलं, "झिपरे, आत्या गेली गं. माघात गेली. तळं आहे. तुझी पाळी तशीच आहे."

उंबरामागं काही हललं का, असं आमची पोरं दर वेळी विचारतात. मी सांगतो, मला दिसलं नाही. मी मागं न बघता, लाल वायर काळी वायर करत घरात आलो होतो.

सकाळी उजाडल्यावर बोलत बोलत पुन्हा तळ्यावर गेलो. काठच्या ओल्या गाळात माग उमटले होते, नखांसकट. मोठे आईचे. आणि दोन्ही बाजूंना थोडे लहान. पाठीवरची दोघं यंदा आपल्या पायांनी आली होती.